'आस्ता लुएगो' म्हणजे 'येतो हं!'

हल्ली हॉस्टेलच्या प्रत्येक विंगेत एखादा तरी स्पॅनिश शिकणारा सापडतोच. कुणाला पुढच्या शिक्षणासाठी स्पेनला जायचंय, कुणाला 'मेक्सिकोतल्या क्लायंटशी बोलावं लागेल' असं इंटरव्ह्यूत सांगितलंय, तर कुणी निव्वळ फुटबॉलच्या वेडापायी शिकतोय. कारण काहीही असो, निवड वाईट नाही. सुमारे पन्नास कोटी लोकांची ही मातृभाषा, आणि वीस देशांत ती राजभाषा आहे.

पण गंमत अशी की तीन-चार महिने पुस्तक घोटलेला हाच मित्र खऱ्या स्पॅनिश माणसांच्या गप्पा ऐकायला बसला की पाचव्या मिनिटाला हेडफोन काढून ठेवतो. 'शब्द ओळखीचे वाटतात रे, पण म्हणतायत काय तेच कळत नाही!' ही तक्रार नुसती आपलीच नाही. इंग्लिश बोलणाऱ्या प्रत्येकाची हीच तक्रार असते. आणि आपण शिकतो ते इंग्लिश बोलणारे बनूनच! ॲप असो, व्हिडिओ असो की जाडजूड पुस्तक, समजावून सांगणारी भाषा बहुधा इंग्लिश. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी मनातून खचलेला असतो. 'आपलं इंग्लिशच कच्चं, त्यावर हा तिसरा मजला कसा चढवायचा?'

या लेखात सांगायचंय ते एवढंच: इंग्लिश बोलणाऱ्याला रोजच्या स्पॅनिशमध्ये जिथं ठेच लागते, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मराठी माणसाला ठेच लागायचं कारणच नाही. मात्र त्यासाठी मधला इंग्लिशचा थांबा गाळायला हवा. (आणि काही ठिकाणी मराठीही दगा देते, तेही पाहूच.)

एक सूचना. इथं स्पॅनिश वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. स्पॅनिशमध्ये 'व्ही' हे अक्षर 'ब'सारखं उच्चारतात आणि 'एच' मुका असतो, एवढं लक्षात ठेवलं की पुस्तकातलं स्पेलिंग जुळवता येईल.

एवढं फास्ट का बोलतात?

पहिली तक्रार वेगाची. ती खरी आहे, पण अर्धीच. फ्रान्समधल्या लियाँ इथल्या फ्रांस्वा पेलेग्रिनो आणि सहकाऱ्यांनी २०११ साली सात भाषांचा वेग मोजून प्रसिद्ध केला. त्यात स्पॅनिशचा वेग निघाला सेकंदाला ७.८२ अक्षरं (म्हणजे सिलॅबल), आणि इंग्लिशचा ६.१९. म्हणजे कान खोटं सांगत नाहीत! पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की स्पॅनिशच्या एका अक्षरात इंग्लिशच्या मानाने माहिती कमी भरलेली असते. याच गटातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये सतरा भाषा तपासल्या, तेव्हा सगळ्या भाषांचा माहितीचा वेग सेकंदाला साधारण ३९ बिट्सच्या आसपास आला. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे लगेच कळेल. पॅकेट लहान, पण पाठवण्याचा वेग जास्त. एकूण थ्रूपुट तेच!

म्हणून प्रत्येक अक्षर पकडायच्या मागे लागू नका. तेवढी माहिती तिथं नसतेच.

दुसरी अडचण म्हणजे शब्द एकमेकांना चिकटतात. 'के एस्ता आसिएन्दो?' (काय करतोय?) हे बोलताना 'केस्तासिएन्दो?' होतं. शेजारी आलेले दोन स्वर एक होतात. संधी शिकलेल्याला यात नवल काय? विद्या आणि आलय मिळून विद्यालय होतं, तसंच हे, फक्त दोन वेगळ्या शब्दांच्या सीमेवर. आपणही 'काय करतो आहेस' कधी म्हणतो का? 'काय करतोयस' म्हणतो. तसंच स्पॅनिश माणूस 'पारा आदेलान्ते' (पुढे) न म्हणता 'पालान्ते' म्हणतो, 'कान्सादो' (थकलेला) चं 'कान्साओ' करतो. दक्षिण स्पेन आणि कॅरिबियन बेटांत तर शब्दातला 'स' बऱ्याचदा हवेत विरतो, आणि 'कोमो एस्तास' चं 'कोमो एता' होतं.

उच्चारात मात्र आपण इंग्रजांच्या पुढे आहोत. स्पॅनिश 'त' आणि 'द' दातांना जीभ लावून म्हणायचे, 'प' आणि 'क' हवा न सोडता. हे इंग्लिश माणसाला महिनोन् महिने घोटावं लागतं. आपल्याकडे त, द, प, क अंकलिपीतच मिळतात.

'मला'ची गंमत

आता मुख्य मुद्दा. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'. इंग्लिश पुस्तकात यावर एक आख्खा धडा असतो, कारण 'आय लाइक कॉफी' मध्ये 'मी' हा कर्ता, आणि स्पॅनिशमध्ये कॉफीच कर्ता. इंग्लिश विद्यार्थ्याला वाक्य उलटं करून डोक्यात बसवावं लागतं. आपल्याला? 'मे' म्हणजे 'मला', संपलं! एक पुस्तक असेल तर 'गुस्ता', अनेक असतील तर 'गुस्तान'. आपणही 'मला पुस्तक आवडतं' आणि 'मला पुस्तकं आवडतात' असंच म्हणतो. नियम पाठ करायची गरजच नाही.

असंच 'मे दुएले ला काबेसा'. इंग्लिशमध्ये 'माय हेड' म्हणावं लागतं. स्पॅनिशमध्ये 'माझं' नाहीच, नुसतं 'मला डोकं दुखतं'. आपणही 'डोकं दुखतंय' म्हणतो, दुसऱ्याचं कशाला दुखेल?

भुकेचंही तेच. इंग्लिशमध्ये 'मी भुकेला आहे'. स्पॅनिशमध्ये 'तेंगो आम्ब्रे', म्हणजे 'माझ्याकडे भूक आहे'. भूक ही वस्तू, विशेषण नव्हे. आपणही 'भूक लागली' म्हणतो. तहान, झोप, थंडी, भीती, घाई, सगळ्यांना हाच नियम. वयसुद्धा 'आहे' मधून न सांगता 'तेंगो बेइन्ते आन्योस' असं सांगतात, म्हणजे वीस वर्षं माझ्यापाशी आहेत. इंग्लिशमधून भाषांतर करणारा इथं 'मी वीस आहे' असं म्हणून मोकळा होतो, आणि समोरचा हसतो.

पण सगळ्यात मजा पुढे आहे. समजा ग्लास पडला. इंग्लिशमध्ये अपघात असला तरी 'मी ग्लास पाडला' असं सरळ म्हणतात. स्पॅनिश माणूस म्हणतो, 'से मे कायो एल बासो'. शब्दशः सांगायचं तर 'ग्लास मला पडला'. म्हणजे आपलं, 'माझ्या हातून ग्लास पडला'! 'से मे ओल्बिदो' म्हणजे 'माझ्या लक्षातून गेलं'. इंग्लिश विद्यार्थ्याला वाटतं, हा जबाबदारी झटकतोय. पण तसं नाही. मुद्दाम केलेलं आणि चुकून झालेलं यांतला फरक भाषा स्वतःच दाखवते, एवढंच. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी २०११ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. फुगा फोडणे, अंडं फोडणे अशा घटनांचे व्हिडिओ लोकांना दाखवले, काही मुद्दाम केलेले, काही चुकून झालेले. मुद्दाम केलेल्या घटनांत 'कुणी केलं' हे दोन्ही भाषांच्या लोकांना सारखंच आठवलं. चुकून झालेल्या घटनांत मात्र इंग्लिश बोलणाऱ्यांना ते जास्त चांगलं आठवलं. भाषा स्मरणशक्तीवरही असा हलका हात फिरवते. तेव्हा स्पॅनिश सहकाऱ्यानं 'फाइल हातून डिलीट झाली' अशा अर्थाचं काही म्हटलं तर तो बनवाबनवी करतोय असं लगेच समजू नका!

शब्द नाही, काम बघा

रोजच्या बोलण्यातले अर्धे शब्द अर्थ सांगायला नसतातच. ते काम करायला असतात. कुणी थांबवायला, कुणी वेळ काढायला, कुणी नरमाईने नाही म्हणायला. शब्दकोशात त्यांचा अर्थ शोधला की घोटाळा होतो. त्याऐवजी 'या जागी आपण काय म्हटलं असतं?' एवढं विचारा. ही घ्या छोटी यादी:

'ओये': ऐक. (हिंदीतल्या 'ओये'शी नातं नाही, पण काम तेच!)

'मीरा': हे बघ. इंग्लिशमध्ये 'लुक' म्हटलं की आवाज चढल्यासारखा वाटतो. स्पॅनिशमध्ये आणि मराठीत तसं नाही.

'ओ सेआ': म्हणजे…

'आ बेर': बघू, बघू या.

'पुएस': मग, बरं, तर.

'नो?' किंवा 'बेर्दाद?': ना? इंग्लिशमध्ये 'इझन्ट इट', 'डोन्ट यू', 'हॅज ही' असे दहा प्रकार. इथं एका 'ना'वर काम भागतं.

'ओम्ब्रे': शब्दशः 'पुरुष'. पण बायकांशी बोलतानाही स्पेनमध्ये सर्रास येतो. 'अरे बापरे' म्हणताना बापाचा काही संबंध असतो का? तसंच.

'एस के…': शब्दशः 'असं आहे की…'. सबमिशनची तारीख उलटल्यावर सरांसमोर आपण ज्या शब्दांनी सुरुवात करतो, ते हे. 'त्याचं काय झालं सर…' हे ऐकू आलं की पुढे सबब येणार हे ओळखावं.

'नो पासा नादा': शब्दशः 'काही घडत नाही'. म्हणजे 'काही हरकत नाही, चालतंय की!'

'दे नादा': आभार मानल्यावरचं उत्तर. 'अहो, त्यात काय!'

फोनचंच बघा. स्पेनमध्ये फोन उचलून 'दीगा' किंवा 'दीगामे' म्हणतात. भाषांतर केलं तर 'बोला', 'मला सांगा'. इंग्लिश माणसाला हा हुकूम वाटतो. आणि आपण काय म्हणतो? 'हां, बोला!' मेक्सिकोत मात्र फोनवर 'बुएनो?' म्हणतात. शब्दशः 'चांगलं?' इथं चांगल्या-वाईटाचा प्रश्न नाही, ते त्यांचं 'हॅलो' आहे.

हॉटेलात 'मे पोनेस उन काफे?' (मला एक कॉफी देतोस?) एवढं स्पेनमध्ये पुरतं. इंग्लिशमधून आलेला माणूस 'मला कृपया एक कॉफी मिळू शकेल का' असं लांबलचक वाक्य जुळवत बसतो. आपण टपरीवर 'दोन कटिंग दे रे' म्हणतो, त्यात उद्धटपणा नसतो, आपुलकी असते. जेवणाऱ्यांच्या टेबलापाशी गेलं की 'बुएन प्रोबेचो' म्हणायची रीत आहे. इंग्लिशला यासाठी स्वतःचा शब्द नाही. आपल्याकडे आहे, 'सावकाश होऊ द्या!' आणि पाहुण्याला म्हणतात 'एस्तास एन तू कासा', म्हणजे 'आपलंच घर समजा'.

मेक्सिकोतला 'आओरीता' हा शब्द तर खास. 'आओरा' म्हणजे आता, त्याचं लाडकं रूप 'आओरीता'. शब्दकोश म्हणेल 'अगदी आत्ता'. प्रत्यक्षात तो पाच मिनिटांनी, संध्याकाळी, किंवा कधीच नाही, यातलं काहीही असू शकतो. इंग्लिश मॅनेजर घड्याळ लावून बसतो. 'निघालोच रे, पाच मिनिटांत पोचतो' असं अंथरुणातून सांगणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नकोच.

तू, तुम्ही, आणि 'कृपावंत'

इंग्लिशमध्ये सगळ्यांना एकच 'यू'. जुना 'दाऊ' कधीच बोलण्यातून गेला. स्पॅनिशमध्ये आहे 'तू', अगदी आपला 'तू'! हा योगायोग नाही. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या, त्यामुळे हे सर्वनाम दोघींकडे वारशानं आलंय. आदरासाठी आहे 'उस्तेद'. तो आला 'बुएस्त्रा मेर्सेद' या जुन्या संबोधनातून, म्हणजे 'आपली कृपा'. म्हणूनच त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येतं, जणू 'कृपावंत कसे आहेत?' इंग्लिश विद्यार्थी इथं गोंधळतो. पण 'साहेब चहा घेणार का?' असं साहेबांनाच विचारणाऱ्याला यात अवघड काय?

कुणाला काय म्हणायचं हे मात्र गावागणिक बदलतं. स्पेनमध्ये 'तू' पटकन येतो. कोलंबियाच्या बोगोता भागात मित्रांतही 'उस्तेद' चालतं. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' असतं आणि क्रियापदही बदलतं. आपण आईला 'तू' आणि बाबांना 'तुम्ही' म्हणणारी घरं पाहिली आहेत, तेव्हा हे समजायला जड जाऊ नये. नियम एकच: समोरचा काय वापरतो ते ऐका, आणि शंका आली तर 'उस्तेद'पासून सुरुवात करा.

जिथं मराठीही दगा देते

आता दुसरी बाजू. कुणी हाक मारली की आपण म्हणतो 'आलो!' इंग्लिशमध्येही 'कमिंग'. स्पॅनिशमध्ये म्हणायचं 'या बोय', शब्दशः 'जातोच'! कारण तिथं 'येणं' हे फक्त बोलणारा आत्ता जिथं आहे तिकडे होतं. इथं मराठी आणि इंग्लिश दोघीही एकदमच चुकवतात.

दुसरा सापळा 'आहे'चा. स्पॅनिशमध्ये 'आहे' दोन, 'एस' आणि 'एस्ता'. 'एल प्रोफेसोर एस आबुर्रीदो' म्हणजे सर रटाळ आहेत. 'एस्ता आबुर्रीदो' म्हणजे सर कंटाळलेत. एका अक्षरानं केवढा फरक! तसंच 'एस लिस्तो' म्हणजे हुशार, 'एस्ता लिस्तो' म्हणजे तयार. हा फरक ऐकूनच अंगवळणी पडतो.

तिसरा सापळा वाक्प्रचारांचा. 'तोमार एल पेलो', शब्दशः 'केस घेणं', म्हणजे फिरकी घेणं. 'मेतेर ला पाता', जनावरासारखा पाय आत घालणं, म्हणजे माती खाणं. 'पान कोमीदो', खाल्लेला पाव, म्हणजे डाव्या हाताचा मळ. (पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. चावी आणि पगार हेही तिकडचेच. स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणं!) पण 'जिभेवर केस नाहीत' असा वाक्प्रचार ऐकलात तर 'जिभेला हाड नाही' असा अर्थ लावू नका. आपल्याकडे ती निंदा. त्यांच्याकडे अर्थ होतो, हा माणूस मनातलं स्पष्ट बोलतो.

इंग्लिशसारखे दिसणारे शब्द तर सगळ्यात धोक्याचे. 'एम्बारासादा' म्हणजे लाजलेली नव्हे, गरोदर! 'एक्सितो' म्हणजे बाहेर जायचा रस्ता नव्हे, यश. 'लिब्रेरिया' म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचं दुकान. हॉटेलच्या दारावर 'नो मोलेस्तार' अशी पाटी दिसली तर घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की झोपमोड करू नये. आणि देश बदलला की शब्दाची अब्रूही बदलते. स्पेनमध्ये बस 'पकडायला' सर्रास वापरतात ते 'कोखेर' हे क्रियापद मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात अश्लील ठरतं. तिथं 'तोमार' म्हणावं.

मग करायचं काय?

सोपं आहे. वहीत दोनच रकाने करा. डावीकडे ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, देवनागरीत. उजवीकडे त्या प्रसंगी आपल्या घरी, मेसमध्ये, टपरीवर जे म्हणतात ते. मधे इंग्लिश नको. ज्या वाक्याला उजवीकडे काहीच सुचत नाही, त्यावर खूण करा. तेच खरं शिकण्यासारखं, बाकीचं तुम्हाला आधीपासून येतंय! ऐकताना आधी प्रसंग धरा, मग सूर, शब्द सगळ्यात शेवटी. विचारतोय, टाळतोय की निरोप घेतोय एवढं कळलं तरी अर्धी लढाई जिंकली.

इंग्लिश शिकू नका असं मुळीच म्हणायचं नाही. ते लागतंच. पण इंग्लिश कच्चं म्हणजे जगातल्या सगळ्या भाषांची दारं बंद, हा समज मात्र पुसून टाका. ज्याला 'मला आवडतं', 'माझ्या हातून पडलं', 'सावकाश होऊ द्या' एवढं येतं, तो स्पॅनिशच्या दारात उपरा नाही.

आणि निरोपाचं म्हणाल तर स्पेनमध्ये दुकानदारालाही निघताना 'आस्ता लुएगो' म्हणतात, म्हणजे 'नंतर भेटूपर्यंत'. पुन्हा भेट होईल की नाही कुणास ठाऊक! पण निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्यालाही आजीनं शिकवलंच आहे की.

तर मंडळी, येतो हं!